अर्धं शेण

आमच्याकडे, तापीच्या पलीकडे, 'आहे'ला 'शे' म्हणतात. माय घरात शे, बैल गोठ्यात शे, आवंदा पीक बरं शे. ह्या शब्दाला वास येतो, हे मला नाशकाला येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

तो दाखवून दिला बाईंनी. नाशिक रोडला ज्या बंगल्यात मी गडी म्हणून राहिलो, तिथल्या त्या मालकीण. मी कामाला लागलो त्या आठवड्यातलीच गोष्ट. "बाई, पाणी गरम शे," असं मी न्हाणीच्या दारातून म्हणालो. त्या तुळशीला पाणी घालत होत्या. थांबल्या, वळल्या.

"काय म्हणालास?"

"गरम शे."

"शे म्हणजे काय रे? अर्धं शेण?"

ओसरीवर साहेब दाढी करत होते, ते इतके हसले की वस्तरा लागला. मीही हसलो. ज्याच्या छपराखाली आपण राहतो त्याला हसू आलं की आपल्यालाही आणावं लागतं. पुढे ती घरची गंमतच होऊन बसली. पाहुणे आले की बाई मला मुद्दाम हाक मारायच्या, "अरे, दूध तापलंय का बघ रे," आणि मी काय बोलतो म्हणून सगळे कान टवकारायचे. मी नुसती मान हलवायचो. मान हलवण्याला कुठल्याच मुलखाची बोली नसते.

शब्द गिळायची सवय मला जुनीच. चौथीत असताना शाळा सुटली ती बापाचा पाय मोटेखाली सापडला म्हणून. पण त्याच्या आधीही शाळेत माझं तोंड फारसं उघडत नसे. मास्तर पुण्याकडचे. 'शे' म्हटलं की हातावर छडी. छडी बसली म्हणून 'आहे' जिभेवर आलं नाही; एवढंच झालं की तोंडाशी आलेलं 'शे' मास्तरांनी ऐकायच्या आत मी गिळायला शिकलो. हे इथे सांगतो आहे त्याला कारण आहे. पुढे एका मुक्या जिवाचं वागणं मला उमगलं ते ह्याच्यामुळे.

साहेबांचे माझ्यावर उपकार होते, आणि ते लहान नव्हते. नाशिक रोडला तेव्हा सरकारी इमारतींची कामं चालू असायची. साहेब तिथे ओव्हरसियर, मी घमेली वाहणारा. विशी ओलांडलेला, मिसरूड फुटलेला, पण मुलखात ओळखीचं एक माणूस नाही. पावसाळ्यात हिवतापानं पडलो. सोबतचे मजूर मला वाळूच्या ढिगापाशी गोणपाटावर ठेवून कामाला गेले. साहेबांनी टांगा थांबवून मला घरी नेलं, गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं, स्वतःच्या हातानं क्विनाइन पाजलं. बरा झालो तेव्हा ते म्हणाले, "जाशील कुठे? राहा इथंच." मी राहिलो. मला अक्षरओळख आहे हे कळल्यावर, डोळे अधू झालेले साहेब दुपारी माझ्याकडून वर्तमानपत्र वाचून घेऊ लागले. छापलेलं 'आहे' मला वाचता येई. बोलता येत नसे.

म्हणून त्या घरात मी भीत भीतच राहिलो. जे दिलं आहे ते कधीही काढून घेतलं जाईल, असं सारखं वाटायचं. तांब्या पडला की मी आधी दाराकडे बघायचो.

साहेब निवृत्त झाले त्या वर्षी कुत्री आली. देवळालीच्या छावणीतला एक गोरा विलायतेला परत निघाला होता. त्यानं ती साहेबांना भेट दिली. तपकिरी, लांब कानांची, ओल्या डोळ्यांची. तिचं नाव इंग्रजी होतं. बाईंना ते उच्चारता येत नसे, पण त्याला कुणी हसत नसे. पाहुणे आले की साहेब तिला ओसरीवर आणायचे, "बस" म्हणायचे, ती बसायची, आणि साहेबांची मान ताठ व्हायची. एरवी ती परसात पेरूच्या झाडाला साखळीनं बांधलेली. तिचं सगळं माझ्याकडे.

छावणीत तिला काय मिळायचं ते तिला सोडायला आलेला खानसामा सांगून गेला होता: सकाळी दूध-पाव, संध्याकाळी उकडलेलं मटण, हाडाचं पाणी, आणि दोन वेळा फिरणं. हे ऐकून बाईंनी कानांवर हात ठेवले. आमच्या घरात कांदासुद्धा चोरासारखा यायचा. तिला दूध-पोळी, वरण-भात, सणाला पुरणपोळीचा तुकडा. पहिले काही महिने ते चाललं. पोट भरत होतं, दोन वेळा भरत होतं. ती थोडी रोडावली, बस्स.

मग आषाढ आला, आणि बाईंनी चातुर्मासाचं व्रत धरलं. त्यांचा मुलगा मुंबईला शिकत होता आणि परीक्षेत अडकला होता. तो सुटावा म्हणून बाईंनी एकभुक्त घेतलं. एकट्यांनी नाही, सगळ्या घरानं. दिवसातून एकदाच, दुपारी जेवायचं. साहेबांना डॉक्टरांच्या सांगण्यावरून संध्याकाळी फराळाची मुभा. मला नव्हती, मी मागितलीही नाही. कुत्रीचा प्रश्न निघाला तेव्हा साहेब म्हणालेही, "अगं, मुकं जनावर ते."

"ह्या घरातलं अन्न खाणारा प्रत्येक जीव," बाई म्हणाल्या. "एक जरी दोनदा जेवला तरी पुण्याला भोक पडतं."

"मग गाय?"

"गाय चरते. चरणं म्हणजे जेवणं नव्हे. आणि ती गाय आहे."

असं कुत्रीलाही व्रत लागलं. तिला विचारलं असतं तर तिनं मुलाच्या परीक्षेसाठी काय केलं असतं कोण जाणे. संध्याकाळी मी परसात गेलो की ती उठून उभी राहायची, माझ्या हाताकडे बघायची, आणि हात रिकामा दिसला की पुन्हा बसायची. माझ्याही पोटात त्या वेळी तेच चाललेलं असायचं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळू लागलो.

श्रावणात एका सकाळी मला दिसलं. तिनं झाडामागे घाण केली, वळली, हुंगली आणि खाल्ली. सावकाश, जेवावं तशी.

मला धक्का बसला असं म्हणणं खोटं होईल. गावाकडे व्यालेली कुत्री पिल्लांची घाण चाटून साफ करते हे मी लहानपणापासून पाहिलेलं. शेळीच्या लेंड्या, माणसाचं सुद्धा, गावची कुत्री कशाला तोंड लावत नाहीत? पण ही गावची कुत्री नव्हती, ही साहेबांची होती. मी कुणाला बोललो नाही. बोललो तर माझ्यावरच येईल, एवढाच विचार.

ते लपलं नाहीच. मंगळागौरीला बायका जमल्या होत्या. कुणाच्या तरी लहान मुलीनं हट्ट धरला म्हणून साहेबांनी कुत्रीला सोडून आणायला सांगितलं. मी साखळी काढली, तशी ती ओसरीकडे न जाता झाडामागे गेली, आणि सगळ्या नटलेल्या बायकांच्या देखत तिनं ते केलं. आणि मग शेपूट हलवत जाऊन त्या मुलीचा गाल चाटला.

पुढचा गोंधळ सांगत नाही. मुलीला तीनदा आंघोळ घातली, जमलेल्या बायका फराळाला न शिवता गेल्या. संध्याकाळी साहेब परसात आले, हातात वेत. तिची मान धरून नाक त्या जागेवर घासलं आणि मारलं. साहेब तसे मारकुटे नव्हते. पण त्यांची मान खाली गेली होती चारचौघांत, आणि ती वर यायला काहीतरी हवं होतं.

मग माझ्याकडे वळले. "दिवाळीपर्यंत हिची ही खोड गेली नाही तर मी छावणीत सांगून हिला गोळी घालायला लावीन. आणि तू. एक कुत्री सांभाळता येत नाही तर तुझा मला उपयोग काय?"

एवढं स्पष्ट मला त्या घरात आधी कुणी सांगितलं नव्हतं. तिचा जीव आणि माझं छप्पर एकाच साखळीला बांधलं गेलं.

त्यानंतर जो तो उपाय सांगू लागला. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, गोऱ्याच्या घरचं वळण, जाणार नाही. शेजारच्या एका आजींच्या मते ते पूर्वजन्मीचं पाप. साहेबांनी छावणीतल्या घोड्यांच्या डॉक्टरला विचारलं. त्यानं जंतांची पूड दिली. जंत पडले खरे, पण पोट आणखी मोकळं झालं, भूक आणखी वाढली. कुणीसं म्हणालं, घाणीवर तिखट टाका. टाकलं. तिनं तिखटासकट खाल्लं, रात्रंदिवस पाणी पीत राहिली, आणि सकाळी पुन्हा खाल्लं.

आणि मार. माराचं काय होतं ते मी जवळून पाहिलं. मार सुरू झाल्यापासून ती सावकाश खाईना. पाय ताठ व्हायच्या आत वळायची, डोळे घराच्या दाराकडे, आणि दोन घासांत गिळून टाकायची. साहेब म्हणायचे, "बघ, किती निर्ढावली आहे!" मी मात्र मनानं शाळेतल्या बाकावर जाऊन बसलो होतो. ही निर्ढावली नव्हती. छडी दिसण्याआधी गिळून टाकायचं, एवढं शिकली होती. ती घाण नाहीशी करत होती, आमच्याचसाठी. आम्हाला ती आवडत नाही हे तिला कळलं होतं म्हणून.

दुसरी गोष्ट घाण उचलण्याची. ती पडल्या पडल्या उचलली तर खाणार काय? पण त्या घरची रीत अशी की, कुत्र्याची घाण झाडूवालीनंच उचलायची, आणि झाडूवाली यायची दहा वाजता. मी उचलली तर आंघोळ केल्याशिवाय मला पाण्याच्या हंड्याला हात लावता येणार नाही, आणि सकाळी हंडे भरायचं काम माझंच. गाईचं शेण मी रोज पहाटे उघड्या हातानं भरायचो, त्याच हातानं सडा घालायचो, रांगोळीसाठी जागा सारवायचो. त्याला आंघोळ नको. कुत्रीचं मात्र दहापर्यंत तिच्या नाकासमोर पडून राहायचं. उपाशी जनावर, आखूड साखळी, आणि समोर ते. त्यात आमच्याकडून वर वेत.

मला सगळं कळलं होतं असं नाही. पण भुकेचं कळलं होतं, कारण ती माझ्याही पोटात होती. एक दिवस धीर करून मी बाईंसमोर उभा राहिलो. त्या फुलवाती वळत होत्या. मनात वाक्य नीट जुळवून आलो होतो, 'आहे' लावून. पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडी त्याची मायच येते.

"बाई, कुत्रीचं... ती उपाशी शे."

बाईंचे हात थांबले. मग ओठ हलले. मला वाटलं, कळलं.

"शे!" त्या म्हणाल्या. "अरे, तिनं शेण खाल्लं ते कमी होतं, म्हणून तू अर्धं घेऊन आलास?" आणि आत हाक मारली, "ऐकलंत का, आपला खानदेश काय म्हणतोय ते!"

मी हसलो. माझ्या हसण्याची मला तेव्हा आलेली शिसारी अजून गेलेली नाही.

माझं ऐकलं ते टांगेवाल्या चाचांनी. जुन्या नाशकातले मुसलमान टांगेवाले, निवृत्त साहेबांना देवदर्शनाला नेण्या-आणण्यासाठी रोज सकाळी यायचे. साहेब तयार होईपर्यंत घोड्याला पाणी दाखवायला परसाच्या फाटकाशी थांबायचे. कुत्री त्यांना बघून भुंकत नसे.

"काय रे खानदेशी, तोंड का पाडलंस?"

मी सांगितलं. माझ्याच भाषेत, बाईंच्या 'अर्ध्या शेणा'सकट सांगितलं. त्यांच्यापुढे जीभ अडखळत नसे.

"उपाशी शे," ते माझीच नक्कल करत म्हणाले, पण त्यात बोचरं काही नव्हतं. "अरे, शिंगरू आईची लीद खातं. आम्ही त्याला मारतो काय? बाबा, आधी पोट, मग अदब." मग कुत्रीकडे बघून, "ह्या मेमसाबला रोजा धरायला लावला तुमच्या बाईनं. पण आमच्या रोज्यात सांजेला खायला मिळतं रे!"

तिखट टाकायची युक्ती ह्याच चाचांची होती, हेही सांगायला हवं. ते काही सर्वज्ञ नव्हते. पण दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा घोड्याच्या तोबऱ्यात, दाण्याखाली, फडक्यात बांधलेले छिछडे होते. खाटकाकडची उरलेली कातरण, घरी उकडून आणलेली. "हे घे. तुझ्या पुण्याला भोक पडत असेल तर मी बुजवीन."

मी घेतले. गावाकडे आमच्या घरी सणाला बोकड पडतो. मला त्याचं काही नव्हतं. भीती होती ती फक्त बाईंची.

मग मी एक रीत पाडली. पहाटे गोठ्यात जायच्या आधी कुत्रीची साखळी सोडून तिला मागच्या ओढ्यापर्यंत न्यायचो. ती बसली की मी चार पावलं लांब उभा राहून हळूच "ये" म्हणायचो आणि हातातला तुकडा दाखवायचो. पहिले काही दिवस ती आधी वळून खायची, मग यायची. मी रागावलो नाही. हळूहळू तिचं डोकं घाणीकडे वळता वळता माझ्याकडे वळायला लागलं. मग ती बसल्या बसल्याच माझ्याकडे बघायची, उठली की धावत यायची. ती तुकडा चघळेपर्यंत मी पत्रावळीनं घाण उचलून मातीत पुरायचो, ओढ्यात आंघोळ करायचो, आणि ओल्या अंगानं हंडे भरायला लागायचो. बाई म्हणायच्या, "अलीकडे फार सोवळा झालास रे." संध्याकाळी माझ्या दुपारच्या ताटातली, धोतराच्या सोग्यात लपवलेली अर्धी भाकर तिची. तेवढ्यानं तिचं काय होणार? पण संध्याकाळी काहीतरी येतं, एवढं तिला कळलं, आणि त्यानं ती निवली. भुकेपेक्षा भूक कधी संपेल हे न कळणं वाईट असतं. माझ्यापुरतं तरी तसं होतं.

दसऱ्याच्या सुमाराला खोड गेली. दिवाळीला साहेबांनी तिला पाहुण्यांसमोर पुन्हा आणलं. अंगावर तकाकी, डोळे स्वच्छ. पाहुण्यांनी विचारलं, "काय उपाय केलात?"

"व्रत," बाई म्हणाल्या. "सात्त्विक अन्न, तेही एकदाच. जनावरसुद्धा सुधारतं."

मी चहाचे पेले गोळा करत होतो. मला ते चाललं. तिचा जीव वाचला, माझं छप्पर राहिलं. श्रेय कुणाचं का असेना.

पण कुत्र्याचा आणखी एक स्वभाव असतो, तो माझ्या ध्यानात राहिला नाही. पोट भरलेलं कुत्रं उरलेलं पुरून ठेवतं. चाचा अधूनमधून हाड आणत. पहाटे ओढ्याहून आल्यावर मी हंडे भरेपर्यंत ती परसात मोकळीच असे. हाड तिनं कुठे पुरावं? परसात सगळ्यात मऊ, भुसभुशीत, रोज पाणी घातलेली माती एकाच ठिकाणी होती.

तुळशीच्या लग्नाची तयारी चालली होती. त्याच सकाळी मुंबईहून तार आली होती की मुलगा पुन्हा नापास झाला. बाई रडल्या नाहीत. डोळे कोरडे ठेवून तुळशीची माती खुरप्यानं हलवायला बसल्या. आणि त्यांच्या हातात हाड आलं.

त्यांनी ओरडून घर गोळा केलं. मी गोठ्यातून आलो, चाचा फाटकाशी होते. कुत्री शेपूट हलवत होती. आपली ठेव सापडली म्हणून खूश. बाईंनी आधी तिच्याकडे, मग तोबऱ्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. बुद्धीनं त्या तल्लख होत्या, ते मी कधीच नाकारलं नाही.

"शेण खाल्लंस रे!" त्या म्हणाल्या. "चार महिने मी उपाशी राहिले. पोरगं का नापास झालं ते आता कळलं. ज्या घरानं तुला मरणातून उचललं त्या घरात शेण खाल्लंस!"

चाचा म्हणाले, "बाईसाब, हड्डी मी आणली. ह्याचा—"

"तुम्ही फाटकाच्या आत पाऊल टाकू नका," साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता. चाचांनी घोड्याचा लगाम वळवला. त्या दिवसापासून साहेबांसाठी दुसरा टांगा आला.

भटजींना बोलावलं. त्यांनी सांगितलं, वृंदावनाची माती बदला, अंगणात पंचगव्य शिंपडा, घरातल्यांनी प्राशन करा. "आणि हा?" बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. भटजी म्हणाले, घरात राहणार असेल तर ह्यालाही द्यावं. कुत्रीचं साहेबांनी ठरवलं: उद्या छावणीत.

तेव्हा मी बोललो. का बोललो ते सांगता येणार नाही. धीर माझ्यात नव्हता, आजही नाही. "मी घेतो. सांगाल तेवढं घेतो. पण कुत्रीले मारू नका. सांजची भाकर द्या तिले. ती वाईट नाही, साहेब. ती उपाशी शे."

ह्या वेळी कुणी हसलं नाही. साहेब माझ्याकडे बघत राहिले. वाळूच्या ढिगापाशी मला पाहिलं होतं तेव्हा ते असेच बघत असतील. मग म्हणाले, "चातुर्मास संपलाच आहे. दे तिला संध्याकाळचं. पण मांस नाही." बाईंनी तोंड फिरवलं, म्हणजे मान्य केलं.

पंचगव्य म्हणजे दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण. शेण त्या पहाटे मीच काढलेलं. भटजींनी मंत्र म्हणत साहेबांच्या तळहातावर पळीभर दिलं, बाईंच्या हातावर दिलं. त्यांनी डोळे मिटून श्रद्धेनं घेतलं. ती त्यांची श्रद्धा, तिला मी नावं ठेवत नाही. मला मात्र ते प्रसाद म्हणून मिळालं नाही. बाई म्हणाल्या, "त्याला वाटीभर द्या." माझ्या ओंजळीत वाटी ओतली. आधी गवताची चव आली, मग खारट, मग शेवटी तूप. पेरूला बांधलेली कुत्री मान वाकडी करून माझ्याकडे बघत होती. तिला त्यात वावगं काही दिसलं नसणार.

दोन दिवसांनी रेल्वे फाटकाशी चाचा भेटले. टांगा थांबवला नाही, नुसता हळू केला.

"क्यों रे, आधा था ना? अब पूरा हो गया?"

त्यांनी चाबूक हवेत फिरवला, घोड्याला लागू न देता, आणि गेले. विनोद होता तो. माझ्यापायी त्यांचं रोजचं काम गेलं होतं, आणि त्यांना त्याच्यावर विनोदच करता आला. मला तोही आला नाही.

कुत्रीनं पुन्हा कधी तसं केलं नाही. संध्याकाळी भाकर-दूध, पहाटे ओढ्यापर्यंत फेरी, हाकेला आली की हातावर गुळाचा खडा. साधी गोष्ट होती ती. चातुर्मासाच्या पहिल्या संध्याकाळी कुणी अर्धी भाकर टाकली असती तर हे काहीच झालं नसतं. पण नाशिक रोडला बातमी पसरली ती अशी की, बाईंनी पंचगव्यानं कुत्रीची खोड घालवली. बाईंनी खोटं सांगितलं नाही. पंचगव्यानंतर कुत्री नीट राहिली, हे खरंच होतं.

पुढच्या वर्षी पलीकडच्या बंगल्यातल्या बाई विचारायला आल्या. त्यांच्या कुत्र्याला तीच खोड लागली होती. "वाटीभर पाजा," बाई म्हणाल्या, आणि मला वाटी तयार करायला लावली. शेण खाणाऱ्या कुत्र्याला शेण पाजायचं, हे कुणालाच विचित्र वाटलं नाही. मी तयार केलं. वाटी न्यायला त्यांचा गडी आला होता. हरसूलकडच्या डोंगरातला, माझ्याइतकाच कमी बोलणारा. फाटकापर्यंत मी त्याच्यासोबत गेलो.

"हे केळीला घाल," मी म्हणालो. "कुत्र्याले दोन वेळा खायला दे. पडल्या पडल्या उचल. मारू नको. उपाशी शे ते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "शे" त्याला कळलं की नाही कोण जाणे. पण उपाशी कळलं. "आमचा मालक बी एकच टायम देतो," तो म्हणाला. "मलाबी." आणि वाटी सांभाळत गेला.

महिन्याभरात त्या बाई साखर घेऊन आल्या. गुण आला होता. आमच्या बाईंनी मला ओसरीवर बोलावलं, पाहुणीसमोर, पूर्वी बोलवायच्या तसंच.

"काय रे, वाटीत गुण आहे की नाही?"

त्या घरचं मीठ मी खाल्लेलं आहे. साहेब गेले तेव्हा त्यांच्या तिरडीला माझाही खांदा होता, आणि मी मनापासून रडलो. क्विनाइनचा कडूपणा मी विसरलेलो नाही, ते पाजणारा हातही नाही. पण त्या दिवशी ओसरीवर नुसती मान हलवणं जमेना.

"शे, बाई," मी म्हणालो.

दोघी हसल्या. मी हसलो नाही.